मदत हवी आहे: प्रदर्शन ३ आठवड्यांवर आणि वेल पिवळी पडत चाललीय

शाहूपुरीची_बाग
लवकर सांगा प्लीज. डिसेंबरच्या पुष्पप्रदर्शनात देशी फुलझाडांच्या कुंड्यांमध्ये पहिल्यांदाच नाव दिलंय. वेल खालून पिवळी पडत वर चाललीय. गौरी-गणपतीत नुसती पेटल्यासारखी फुलली होती, गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. रोज पाणी घालते, शेणखत घातलं, परवा युरियाचं पाणीही दिलं. फरक शून्य.

गुलाबवाले_काका
मॅग्नेशियम कमी पडलंय. एक लिटर पाण्यात चमचाभर एप्सम सॉल्ट, पानांवर फवारा. आणि छाटणी कधी केली? प्रदर्शनाच्या साधारण ४५ दिवस आधी छाटलं की फूल बरोबर त्या दिवसाला येतं. माझे गुलाब असेच तयार होतात.

मसाई_पठार
काका, त्या वेलीबद्दल विचारतायत. ताई, पण वेल कसली? ऊन किती?

शाहूपुरीची_बाग
अहो गौरीचे हात! सासूबाई कोकणातल्या, आमच्याकडे तेच म्हणतात. कळलावी. गच्चीवर आहे, दिवसभर ऊन. पानाचं शेपटासारखं टोक काठीला गुंडाळलेलं असतं ना, ते आधी काळं पडतं, मग पान जातं. फोटो टाकू?

मसाई_पठार
फोटो नको, कळलं. हा रोगच नाही. कळलावी पावसाळ्याची वेल. पाऊस सरला की पानांतलं सगळं खाली गाठीत ओढून घेते आणि वरचा भाग वाळून जातो. पन्हाळ्याच्या बाजूला झुडपांत फुलते, तिथंही आता शोधून सापडणार नाही. पाणी आणि युरिया आजच बंद करा, गाठ कुजेल.

गुलाबवाले_काका
असं कसं? खत दिलं तर झाड चालतंच की. मी तीस वर्षं बाग करतोय.

मसाई_पठार
तुमचा गुलाब बारमाही आहे काका, ही कंदाची वेल आहे. झोपायच्या वेळी हिला जेवायला घालून उपयोग नाही.

कळंब्याची_सुमन
ताई, मग झेंडू नाहीतर गुलबक्षी न्या. दोन्ही आपलीच, आज्जीच्या परड्यात असायची.

मसाई_पठार
दोन्ही अमेरिका खंडातून आलेली. झेंडू तर मूळचा मेक्सिकोचा. परीक्षक देशी गटात घेणार नाहीत.

कळंब्याची_सुमन
दसऱ्याचं तोरण झेंडूशिवाय होतं का? शेकडो वर्षं इथं आहे, मग आपला नाही म्हणायचा?

मसाई_पठार
आपला म्हणा की, मीही म्हणतो. पण इथल्या रानातला नव्हे. गट त्यासाठीच ठेवलाय ना.

शाहूपुरीची_बाग
मी नाव देऊन बसलेय हो! झेंडूचं नंतर भांडा. श्रावणात पानं कुरतडणाऱ्या अळ्या होत्या, काळ्या, अंगावर पांढरे नि तांबडे ठिपके. औषध मारलं होतं. त्यानं तर झालं नाही ना?

मसाई_पठार
नाही. पण ते नको होतं मारायला. तो लिलीचा पतंग, त्याच्या अळ्या कळलावी आणि लिलीच्या जातीवरच वाढतात. पुढच्या वर्षी दिसल्या तर थोडी पानं खाऊ द्या. प्रदर्शनाला पिवळी कोरांटी न्या. ती इथलीच, थंडीत फुलते. कुणाच्या कुंपणाला असेल तर विचारून कुंडीत घ्या. रानातून मात्र उपटून आणू नका.

आई_दोघांची
मध्येच बोलते. कळलावीची गाठ विषारी असते, बियासुद्धा. घरात लहान मुलं असतील तर जपा. गाठ हाताळल्यावर हात साबणानं धुवा.

गुलाबवाले_काका
हे बरोबर बोललात. कोरांटीची कुंडी माझ्या बहिणीच्या दारात आहे, कळ्या धरल्यात. शाहूपुरीतच. ताई, मेसेज करा, बोलून देतो.

शाहूपुरीची_बाग
काका, लाख उपकार! आत्ताच करते. कळलावीचं पाणी बंद केलं. गाठ काढून ठेवू की कुंडीतच?

मसाई_पठार
कुंडीतच. काढताना मोडते. इंग्रजी व्हीसारखी असते, दोन्ही बोटांच्या टोकाला एकेक डोळा. टोक मोडलं की त्या बाजूनं कोंब येत नाही. कुंडी वळचणीला सरकवा, अवकाळी पावसाचं पाणी लागू देऊ नका. वळवाचे एक-दोन पाऊस झाले की बाहेर काढा.