अ⁶ − ब⁶ चे अवयव आणि "अपूर्ण" हा शेरा

सदनिका ३०४ : नमस्कार. सोसायटीच्या ग्रुपवर अभ्यासाचा प्रश्न विचारत आहे, त्याबद्दल क्षमस्व. मुलीने अ⁶ − ब⁶ चे अवयव पाडताना घनांच्या वजाबाकीचे सूत्र लावले आणि (अ − ब)(अ + ब)(अ⁴ + अ²ब² + ब⁴) असे उत्तर लिहिले. अ = २, ब = १ घेऊन आम्ही ताळा केला, तर दोन्ही बाजूंना ६३ आले; तरीही वहीत "अपूर्ण" असा शेरा आहे. नेमके काय चुकले?

सदनिका ७०१ : ताई, चुकले काहीच नाही, फक्त तिसऱ्या कंसाचे अवयव पाडायचे राहिले आहेत. त्यात अ²ब² मिळवून लगेच वजा केले, तर अ⁴ + २अ²ब² + ब⁴ हा पूर्ण वर्ग तयार होतो आणि राशी (अ² + ब²)² − (अब)² अशी दिसू लागते. म्हणजे तिचे अवयव (अ² + अब + ब²)(अ² − अब + ब²) असे पडतात. तुमच्याच ताळ्यात त्या कंसाची किंमत २१ येते, ती आता ७ × ३ अशी विभागली जाते. ताळ्याने गुणाकार बरोबर आहे एवढेच कळते, अवयव पूर्ण पडले की नाही हे कळत नाही. मुलीला एक सांगा: घातांक ६ असेल तर आधी वर्गांची वजाबाकी पाहावी. (अ³ − ब³)(अ³ + ब³) असे लिहिले की पुढची दोन्ही सूत्रे तिला पाठच असतील आणि ही मिळवा-वजा करण्याची खटपट करावीच लागणार नाही.

सदनिका १०५ : मग अ² + अब + ब² चेही पुढे अवयव पडतील का?

सदनिका ७०१ : नाही, काका. ब = १ धरल्यास या वर्गत्रिपदीचा विवेचक (मधल्या सहगुणकाचा वर्ग वजा पहिल्या व शेवटच्या सहगुणकांच्या गुणाकाराची चौपट) १ − ४ = −३ येतो; तो ऋण असल्यामुळे वास्तव सहगुणक घेऊन अवयव पडत नाहीत. अ² + ब² चेही तसेच आहे, आणि मुले त्याच्या जागी (अ + ब)² लिहितात तेव्हा मला फार वाईट वाटते, कारण २अब हे पद कुठे गेले असे त्यांना कुणी विचारलेलेच नसते. मात्र "दोन वर्गांच्या बेरजेचे अवयव कधीच पडत नाहीत" असाही नियम करू नये. अ⁴ + ४ब⁴ हे मुलीला करायला द्या. फ्रेंच गणिती सोफी जर्मेन (१७७६–१८३१) यांच्या नावाने ही नित्य समानता ओळखली जाते.

सदनिका ३०४ : तिने ४अ²ब² मिळवून वजा केले आणि (अ² + २अब + २ब²)(अ² − २अब + २ब²) असे उत्तर काढले. अ = १०, ब = १ घेऊन १२२ × ८२ = १०,००४ असा ताळाही जुळला. आता दोन्ही कंसांचे विवेचक ती स्वतःच तपासत आहे.