मदत हवी आहे: हेडलाईट लावली की टेंपरेचरचा काटा वर जातोय (जुनी डिझेल पिकअप, कोल्हापूर)

नमस्कार मंडळी, गाडी 2005 ची डिझेल पिकअप, वडिलांनी घेतलेली, आमच्या गुऱ्हाळाचा गूळ अजून तीच शाहू मार्केट यार्डात पोचवते. गाव प्रयाग चिखलीकडं. 2019 च्या महापुरात गाडी वेळेत वर काढली होती पण जुलै 2021 ला जमलं नाही, सीटच्या खालपर्यंत पाणी होतं. नंतर ऑईल, फिल्टर सगळं बदललं, इंजिन एकदम ठणठणीत. पण गेल्या वर्षापासून वायरिंगनं डोकं खाल्लंय.

रात्री हेडलाईट लावली की टेंपरेचरचा काटा सरळ लाल पट्ट्याजवळ, लाईट बंद केली की लगेच खाली. पहिल्यांदा झालं तेव्हा शिवाजी पुलाच्या अलीकडं गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं तर पाणी बरोबर, फॅन फिरतोय, रेडिएटरचा पाईप नेहमीएवढाच गरम. ब्रेक दाबला की मागचा उजवा इंडिकेटर लुकलुकायचा थांबतो. सेल्फ मारला की कधीकधी नुसतं टक् करून गप्प, मग चार-पाच वेळा चावी फिरवली की एकदम लागतो जणू काही झालंच नव्हतं. आणि आठवडाभर उभी राहिली की बॅटरी झोपते.

बॅटरी नवीन टाकली, इंजिन बंद असताना 12.6 व्होल्ट दाखवते, चालू असताना 14.1. डायनामो उघडून ब्रश बदलले. दोन वायरमननी बघितली, एक म्हणतो सगळं हार्नेस (गाडीभरच्या वायरींचा जुडगा) नवीन टाका, दुसरा म्हणतो सेल्फ गेला. हार्नेसचा खर्च ऐकून वडील गाडी विका म्हणायला लागलेत आणि मला ते नको आहे, या गाडीवर आमचं घर उभं राहिलंय. अजून एक, काल सेल्फ लागेना म्हणून बऱ्याच वेळा मारला तर एक्सिलेटरची केबल हाताला गरम लागली. ते कशानं?

प्रतिसाद:
दादा, ती गरम केबलच खरं सांगतीय. इंजिन आणि चासीमधली अर्थिंगची पट्टी गेली असणार, मग सेल्फचा एवढा करंट परत जायला वाट शोधतो आणि एक्सिलेटरच्या केबलमधनं जातो. काटा वर जायचं कारणबी तेच, टेंपरेचरचा सेन्सर इंजिनमधनं अर्थिंग घेतो, डॅशबोर्डवरचा काटा गाडीच्या बॉडीवरनं, लाईटचा लोड पडला की दोन्हींत फरक पडतो. हार्नेसला आत्ता हात लावू नका. मल्टिमीटरची एक टोचणी बॅटरीच्या मायनस खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, खुंटीवरच), दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि घरच्या कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. मागच्या इंडिकेटरचं अर्थिंग वेगळं असतं, ते दिव्याजवळ खोलून पॉलिश पेपरनं घासा. पुरात भिजलेल्या गाडीत वायर वरनं चांगली दिसते आणि कव्हरच्या आत तांबं काळं पडलेलं असतं, तेवढं कापून बघा.

बॅटरी उतरते ते वेगळं दुखणं. चावी काढून, दारं लावून, मायनसच्या वायरीत अँपिअर मीटर सिरीजमध्ये (वायर सोडून मधे) लावा, 0.05 च्या आसपास पाहिजे. मीटर लावलेला असताना चुकूनबी सेल्फ मारू नका, मीटर जाईल.

मूळ धागाकर्ता:
दादा, लई आभार. सेल्फ मारताना 3.2 व्होल्ट आलं! पट्टी काढली तर बोल्टाखाली नुसता गंज आणि हिरवा चुरा, पट्टी अर्धी तुटलेली. नवीन जाड पट्टी टाकली, रंग खरवडून धातूला धातू लावला, वरनं पेट्रोलियम जेली. पहिल्या टचला सेल्फ लागला, हेडलाईट लावून पार गगनबावड्यापर्यंत जाऊन आलो, काटा जागचा हलला नाही. वडील काही बोलले नाहीत, फक्त गाडी धुवायला घेतली. इंडिकेटरबी घासल्यावर सुधारला.

आता राहिलं बॅटरीचं. मीटर 0.4 अँपिअर दाखवतोय. सगळे फ्यूज एकेक करून काढले, आकडा तेवढाच. मग बॅटरीची मायनस सोडून डायनामोची जाड वायर काढली आणि परत मोजलं तर एकदम 0.02. म्हणजे डायनामोतले डायोड (करंट उलटा जाऊ न देणारे) लीक आहेत ना? गेल्या वेळी ब्रशच बदलले, डायोड प्लेट कुणी तपासलीच नाही. उद्यमनगरात नुसती प्लेट बदलून देणारा कुणी माहीत आहे का? गुऱ्हाळ पुढच्या आठवड्यात चालू होतंय.