गच्चीच्या गळतीसाठी ठेकेदार नेमायचा आहे, मदत हवी आहे

अधीर_घरमालक
नमस्कार. आमच्या घराचे छत गळते आहे आणि पावसाआधी काम उरकायचे आहे. तीन ठेकेदारांनी पाहणी करून तीन दरपत्रके दिली असून सर्वांत मोठी रक्कम सर्वांत लहान रकमेच्या दुपटीहून अधिक आहे. तिघेही 'दहा वर्षांची गॅरंटी' देतात. सर्वांत स्वस्त ठेकेदाराला उद्या संध्याकाळपर्यंत होकार हवा आहे, नाहीतर त्याची माणसे दुसऱ्या कामावर जातील. ठेकेदाराला काम देण्यापूर्वी नेमके काय विचारावे, एवढेच कृपया सांगावे.

चौकस
छत स्लॅबचे आहे, पत्र्याचे आहे की कौलारू? तिन्हींचे कारागीर वेगळे, साहित्य वेगळे आणि विचारायचे प्रश्नही वेगळे.

अधीर_घरमालक
स्लॅबच आहे. शीर्षकात 'गच्ची' लिहिल्यावर हे निराळे सांगावे लागेल असे वाटले नव्हते.

जुना_अभियंता
तिन्ही रकमा एकाच कामाच्या आहेत, हे आपण गृहीत धरले आहे. माझ्या मते त्या तीन वेगळ्या कामांच्या आहेत. म्हणून प्रत्येकाकडून आधी कामाचा तपशील लेखी मागवावा. जुना कोबा, म्हणजे स्लॅबवरचा वीटतुकडे व सिमेंटचा थर, फोडून काढणार की त्यावरच नवा थर देणार? फोडणार असल्यास राडारोडा खाली उतरवून वाहून कोण नेणार? कोब्यावर कोबा चढवणे स्वस्त पडते, परंतु वीटतुकड्यांच्या शंभर मिलिमीटर जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जाते. एवढा भार जुन्या स्लॅबवर पुन्हा टाकायचा असेल, तर तो निर्णय ठेकेदाराचा नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आहे.

क्षेत्रफळ कसे मोजले, हेही पाहावे. कठड्याच्या आतल्या बाजूस जलरोधक थर निदान दीडशे मिलिमीटर वर चढवावा लागतो आणि स्लॅब व कठडा मिळतात त्या कोपऱ्यात गोलाकार वाटा (सिमेंटची गोलाई) करून घ्यावा लागतो, कारण गळती बहुधा सपाट भागातून नव्हे, तर अशा सांध्यांतून आणि पाइपांच्या भोवतालून सुरू होते. एकाने हा उभा भाग मोजला आणि दुसऱ्याने वगळला, तर दर सारखा असूनही रकमा वेगळ्या येतात. पाण्याच्या निचऱ्याकडे शंभरास एक तरी उतार आहे का आणि नसल्यास तो कोण करून देणार, हे न लिहिलेले दरपत्रक अपुरे समजावे.

पत्रेवाला
एवढा खटाटोप कशाला? गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे टाकावेत. स्लॅबवर पाऊसच पडला नाही, तर गळेल काय? कपडे वाळत घालायलाही जागा होते.

जुना_अभियंता
सांगाड्याचे खांब स्लॅबमध्ये बोल्ट ठोकून बसवले, तर प्रत्येक बोल्ट ही पाण्याला नवी वाट असते. शिवाय वादळी वारा पत्रे खाली दाबत नाही, वर उचलतो. तो ताण पेलणारी बांधणी साध्या ठोकठोकीने होत नाही, आणि वाढीव बांधकामाला स्थानिक परवानगी लागते की नाही हेही तपासावे लागते.

पत्रेवाला
बोल्ट स्लॅबमध्येच ठोकावेत, असे मी कुठे म्हटले? खालच्या खांबांच्या रेषेत आधार घेता येतो. नालीदार पत्र्याचा स्क्रू खोलगट भागात न मारता उंचवट्यावर, रबरी वॉशरसह मारला, तर तेथून पाणी शिरत नाही. चुकीची शेड पाहून सगळ्याच शेडना नावे ठेवू नयेत.

गारवा
गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग लावून घ्यावा. ऊन परावर्तित होऊन खालच्या खोल्या थंड राहतात. दोन हात पुरेसे होतात.

चौकस
धागाकर्त्यांनी उकाड्याची तक्रार केलेली नाही. उष्णता परतवणारा प्रत्येक रंग जलरोधक असतोच असे नाही, त्यामुळे हा सल्ला त्यांना उद्या भलत्याच दुकानात नेईल.

हिशेबी
तांत्रिक बाजू जाणकार सांगतीलच, मी पैशांविषयी लिहितो. गॅरंटी दोन प्रकारची असते: साहित्याची उत्पादकाकडून आणि कामाची ठेकेदाराकडून. पुष्कळदा डब्यावर छापलेले वर्षांचे आकडे दाखवून ठेकेदार ती आपलीच हमी असल्याचे भासवतो. पुन्हा गळती लागल्यास तो किती दिवसांत येईल, फक्त साहित्य देईल की मजुरीही सोसेल आणि कशामुळे हमी रद्द होईल, हे सही-तारखेनिशी लिहून घ्यावे. आगाऊ रक्कम साहित्य आणण्यापुरतीच द्यावी, पुढचे हप्ते टप्प्यांशी बांधावेत आणि काही भाग पहिला मोठा पाऊस होईपर्यंत राखून ठेवावा. मजूर उंचावर काम करणार असल्याने त्यांच्या अपघात विम्याचा कागद काम सुरू होण्याआधी पाहावा. ठेकेदाराने दिलेल्या जुन्या ग्राहकांपैकी ज्यांचे काम दोन-तीन पावसाळे जुने आहे, अशांनाच फोन करावा. गेल्या महिन्यात झालेले काम सर्वांनाच सुंदर दिसते. आणि उद्या संध्याकाळच्या मुदतीचे म्हणाल, तर ती अडचण ठेकेदाराची आहे, आपली नव्हे.

जुना_अभियंता
हिशेबी यांच्या टप्प्यांत एक भर घालतो. थर पूर्ण वाळल्यावर, त्यावर फरशी किंवा कोबा येण्यापूर्वी, निचऱ्याची तोंडे बंद करून गच्चीत पाणी साठवावे, निदान चोवीस तास ठेवावे आणि खालून छत पाहावे. पंचवीस मिलिमीटर पाण्याचे वजन दर चौरस मीटरला पंचवीस किलो होते, तेव्हा स्लॅब खराब असल्यास आधी विचारून घ्यावे. या चाचणीस जो नकार देतो, त्याला काम देऊ नये.

चौकस
अजून एक राहिले. ओल नेमकी कोठे दिसते आणि केव्हा?

अधीर_घरमालक
जिन्यालगतच्या खोलीत, पाण्याच्या टाकीखाली. ओल बाराही महिने असते, पावसात वाढते. परंतु माझा प्रश्न ठेकेदाराविषयी आहे.

जुना_अभियंता
हे पहिल्याच ओळीत हवे होते. कोरड्या दिवसांतही ओल असेल, तर निदान काही पाणी टाकीचे किंवा नळांचे आहे. रात्री टाकीत येणारे पाणी बंद करावे, घरातील सर्व नळ बंद असल्याची खात्री करावी, टाकीच्या आत पातळीची खूण करावी आणि सकाळी ती पाहावी. पातळी उतरलेली असल्यास प्लंबरचे काम आधी. आता सांगा, तिघांपैकी कोणाच्या दरपत्रकात टाकीचा उल्लेख आहे? टाकी न हलवता काम केले, तर थर टाकीभोवती लागतो, टाकीखाली नाही.

अधीर_घरमालक
फक्त सर्वांत महाग दरपत्रकात आहे. 'टाकी हलवणे व पुन्हा बसवणे, पाइपांभोवतीचे सांधे भरणे' असे त्यात लिहिले असून ही ओळ मी अनावश्यक खर्च म्हणून खोडायला सांगणार होतो. स्वस्त ठेकेदाराला आताच फोन करून कामाचा तपशील लेखी मागितला. 'साहेब, विश्वास ठेवा' एवढेच उत्तर मिळाले. मधल्याने उद्या टाकीसह नवे दरपत्रक देण्याचे कबूल केले आहे.

पत्रेवाला
शेड असती तर टाकीही सावलीत राहिली असती.

चौकस
महागड्याच्या त्या ओळीखाली आणखी दोन प्रश्न लिहून घ्या: टाकी हलवताना फुटली तर भरपाई कोणाची, आणि थर वाळेपर्यंत घराला पाणी कोठून मिळणार? मधल्यालाही हेच दोन विचारा आणि मगच दोघांच्या रकमा शेजारी ठेवून पाहा.