दोन चाचण्या, दोन बुद्ध्यांक: खरा कोणता?

प्रश्न: मुलगी साडेसात वर्षांची. बिने-कामत चाचणीत 110, मालिनच्या चाचणीत 98. अहवालात कोणता आकडा लिहावा?

उत्तर 1: दोन्हींचं गणितच वेगळं आहे. बिने-कामतमध्ये मानसिक वय भागिले प्रत्यक्ष वय: 99 महिने ÷ 90 महिने × 100 = 110. या गुणोत्तराचं प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती पसरलेले आहेत, याचं माप) वयानुसार बदलतं, त्यामुळे 110 म्हणजे नेमके किती टक्के मुलांच्या पुढे, हे त्यावरून ठरत नाही. मालिनची चाचणी वेक्सलर या मानसशास्त्रज्ञाच्या मुलांच्या बुद्धिमापन चाचणीच्या धर्तीवरची, सरासरी 100, विचलन 15. आकडे शेजारी मांडून वजाबाकी करू नका.

उत्तर 2: मोजमापातली चूकही धरा. विश्वसनीयता (चाचणीच्या गुणांतलं सातत्य, 1 म्हणजे पूर्ण) 0.90 असेल तर प्रमाण त्रुटी, म्हणजे गुणातली अपेक्षित चूक, 15 × √0.10, म्हणजे 4.7; 95 टक्के पट्टा, म्हणजे खरा गुण बहुधा ज्यात असेल ती मर्यादा, साधारण ±9. एकटा आकडा लिहिणं मुलीवर अन्याय आहे, पट्टा लिहा.

उत्तर 3: मानकं (ज्या मुलांच्या गुणांशी तुलना करून बुद्ध्यांक ठरतो ते तक्ते) जुनी आहेत, हे फार महत्त्वाचं. मालिनची 1969 ची. संशोधक फ्लिन यांनी अमेरिकेत दाखवलेली सरासरी बुद्ध्यांकातली वाढ दशकाला सुमारे 3 गुणांची. अशी वाढ जिथे झाली, तिथे जुन्या मानकांवर गुण फुगतात. भारतासाठी तोच दर गृहीत धरून वजावट मात्र करू नका. चाचणीचं नाव, भाषा, मानकांचं वर्ष आणि उपचाचण्यांचे गुण अहवालात हवेतच. शाब्दिक गुण आणि कृतिगुण (शब्दांऐवजी चित्रं, ठोकळे अशा कामांवरचे गुण) यांत मोठी तफावत असेल तर आधी घरची भाषा विचारा.