तेलाच्या तवंगाची जाडी सोनारने पाण्याखालून मोजता येते का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

समुद्रावर सांडलेल्या तेलाचा तवंग पाण्याखालून, वर तोंड केलेल्या सोनारने (ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारं यंत्र) मोजायचा, असा माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे. उपग्रहावरच्या रडारला तवंग दिसतो, कारण तेलामुळे बारीक लाटा दबतात आणि तेवढा भाग काळा उमटतो. पण थर किती जाड आहे, हे त्यावरून नीट कळत नाही. तेल उपसणाऱ्या बोटींना तर तेच हवं असतं. इंद्रधनुष्यासारखा चमकणारा थर कितीही लांब पसरो, बहुतेक तेल थोड्याशा जाड पट्ट्यांतच असतं. म्हणूनच हा विषय सोडवत नाही.

६० बाय ४० सेंटीमीटरची टाकी, गोडं पाणी, तळाशी २०० किलोहर्ट्झचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे ध्वनी सोडणारा आणि परतलेला टिपणारा भाग. वरून १.२ लिटर इंजिन ऑइल हळूहळू ओतलं, म्हणजे ५ मिलिमीटरचा थर. ऑसिलोस्कोपवर दोन प्रतिध्वनी दिसायला हवे होते, एक तेलाच्या खालच्या बाजूचा आणि एक वरच्या. दिसतो एकच, तेल नसताना होता तसाच जाडजूड. गेन (संकेत मोठा करण्याचं प्रमाण) वाढवला की तोच फुगतो. पल्स, म्हणजे एका वेळी सोडलेला ध्वनीचा तुकडा, १० आवर्तनांचा आहे. तीन आठवडे झाले, दोनदा टाकी धुतली. चुकतंय कुठे? आणि खुल्या समुद्रात हे चालेल का?

प्रतिसाद १

टाकी धुवू नका, तिचा दोष नाही. इंजिन ऑइलमध्ये ध्वनी सेकंदाला साधारण १,४५० मीटर जातो. ५ मिलिमीटर जाऊन-येऊन १०, म्हणजे दोन प्रतिध्वनींत फक्त ७ मायक्रोसेकंद. तुमचा पल्स ५० मायक्रोसेकंद लांब! पहिला संपायच्या आत दुसरा त्याच्यावर चढतो. शिवाय घनता आणि ध्वनीचा वेग यांचा गुणाकार पाणी आणि तेलात जवळजवळ सारखाच, त्यामुळे खालच्या बाजूवरून लहरीचा दहावा हिस्साही परतत नाही. वर हवा लागते तिथून मात्र जवळपास सगळी परतते. कमजोर प्रतिध्वनी आधी येतो, एवढं बरं आहे. धातूतले दोष शोधायला वापरतात तसा, पाण्यात बुडवायचा २ मेगाहर्ट्झच्या आसपासचा प्रोब मिळवा. पल्स दोन-तीन आवर्तनांचाच ठेवा आणि प्रोबचं तोंड पृष्ठभागाला अगदी काटकोनात.

प्रतिसाद २

खुल्या समुद्राचं स्पष्ट सांगते. लाटा फुटल्या की हवेचे बुडबुडे खाली ओढले जातात आणि त्यांच्या प्रतिध्वनींत तवंग बुडून जातो. तिथे रडारच बरं. सोनारची खरी जागा रडार पोचत नाही तिथे आहे: बर्फाखाली साचलेलं तेल, तळाशी बसलेलं जड तेल, खोल पाण्यातली गळती. २०१० साली मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या दुर्घटनेच्या वेळी, सुमारे दीड किलोमीटर खोल फुटलेल्या विहिरीपाशी वुड्स होल या अमेरिकी समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रोबोवरून दोन ध्वनियंत्रं नेली. एकाने झोताचा वेग मोजला, दुसऱ्याने आकार. त्यावरून दिवसाला सुमारे ५९ हजार बॅरल तेल गळतंय, असा अंदाज निघाला. सुरुवातीला सांगितला जात होता ५ हजारांचा आकडा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ७ विरुद्ध ५० हा हिशेब मी आधीच मांडायला हवा होता. मार्गदर्शकांशी बोलून प्रकल्प बर्फाखालच्या तेलाकडे वळवतोय. आता पुढचा प्रश्न: टाकीवर बर्फाची लादी ठेवली, तर तिच्या खडबडीत तळाचा प्रतिध्वनी आणि तेलाचा प्रतिध्वनी वेगळे कसे ओळखायचे?