मदत हवी आहे: बेडूक तोच, की दुसराच?

व्हर्जिनियात घरामागच्या डबक्यावर सध्या करड्या झाडबेडकांचा रात्रभर गोंगाट चालू आहे. दिसायला हुबेहूब अशा दोन जाती इथे आहेत: हायला व्हर्सिकलरची गुणसूत्रं 48, हायला क्रायसोसेलिसची 24. संकर झाला तर संतती बहुधा वांझ. त्यामुळे मादी नराच्या हाकेतल्या ठोक्यांच्या वेगावरून आपला नर ओळखते. क्रायसोसेलिसचा वेग साधारण दुप्पट, आवाज कर्कश. इथवर कळलं. पण गारठा पडला की दोघेही मंदावतात!

काल पावसानंतर खिडकीच्या काचेला चिकटून ओरडणारा एक रेकॉर्ड केला, तापमान लिहायचं राहिलं (गाढवपणा माझाच). आता नुसते ठोके मोजून जात ठरेल का? आणि थंड रात्री मादीची फसगत कशी होत नाही?