मदत हवी आहे: फुगवायच्या हलक्या मॅटखालून लागणारी थंडी कशी अडवायची? (हर की दून, डिसेंबर)

घोडबंदरवाली
नमस्कार मंडळी. डिसेंबरअखेर आम्ही तिघं उत्तराखंडात हर की दूनच्या ट्रेकला निघालोय. खेचरं नाहीत, सॅक आपापली. माझी मॅट फुगवायची आहे, ४५० ग्रॅमची, आत नुसती हवा. ना फॉइल, ना फायबर. खोक्यावर आर-व्हॅल्यूचा (म्हणजे मॅट थंडी किती अडवते त्या आकड्याचा) पत्ता नाही, म्हणून एकच्या आसपास धरून चाललेय. इथल्या गडांवर तिने छान साथ दिली, पण जानेवारीत हरिश्चंद्रगडावर वरून उबदार आणि खालून पाठ गार अशी गत झाली. स्लीपिंग बॅग डाऊनची (पक्ष्यांच्या मऊ पिसांची) आहे, चांगली आहे.

इन्सुलेटेड मॅटच्या किमती बघितल्या आणि टॅब बंद केला. तेव्हा आहे तिलाच ऊब द्यायचीय. चांदीची इमर्जन्सी ब्लँकेट खाली घालू? उशीतला फायबर व्हॉल्व्हमधून आत कोंबू? की पातळ फोम घेऊ, आणि घेतला तर मॅटच्या वर की खाली? ठाण्यात मीटरवर फोम कुठे मिळतो तेही सांगा. जाड कॅरीमॅट सुचवू नका प्लीज, सॅकला बाहेर बांधली की करवंदीच्या जाळीत अडकून तिच्या चिंध्या होतात.

रानवाट
हर की दूनला करवंदी नाहीत हो ताई. :) पण मुद्दा कळला.

बॅगेला दोष देऊ नका. अंगाखाली डाऊन दबून पापड होतं, त्यामुळे खालच्या बाजूची सगळी भिस्त मॅटवरच. आणि पोकळ मॅटमधली हवा स्वस्थ बसत नाही. तुम्ही कूस बदलली की ती इकडून तिकडे ढवळते आणि अंगाची ऊब जमिनीला नेऊन देते. महागड्या मॅटमध्ये फॉइलचे पडदे किंवा फायबर घालतात ते हे थांबवायलाच.

चांदीची ब्लँकेट मॅटखाली घालून जवळजवळ काही होत नाही. फॉइल उष्णता परतवतं, पण त्यासाठी समोर मोकळी हवा लागते. दोन्ही बाजूंनी चिकटून दबलं की ते नुसतं धातूचं पातळ पान. वर घातलीत तर रात्रभर कुरकुर कुरकुर, खाली दमटपणा, आणि तंबूतले बाकी दोघं शिव्या घालतील.

फायबर अजिबात कोंबू नका. एखादा तंतू व्हॉल्व्हच्या रबरात अडकला की मॅट गळायला लागते, आणि तेही पायथ्याच्या सांक्री गावाच्या पुढे गेल्यावर कळतं.

फोम घ्या. आर-व्हॅल्यू एकमेकांवर ठेवलं की सरळ बेरीज होते. २०१८ मध्ये एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेचं एफ३३४० मानक आलं, तेव्हापासून मोठ्या कंपन्या एकाच पद्धतीने मोजतात, त्यामुळे त्यांचे आकडे तुलनेला धरता येतात. बर्फावर झोपायचं तर चारच्या पुढे हवं, निदान साडेतीन तरी.

पत्र्याचीशेड
फोमबद्दल मी बोलतो, आमचा धंदाच गच्चीवरच्या शेडचा. पत्र्याखाली ऊन अडवायला जो फोम लावतात, एका बाजूला चांदी असलेला, तो एक्सएलपीई (क्रॉस-लिंक्ड पॉलिइथिलीन). बंद पेशींचा असतो, पाणी पीत नाही. चांदी नसलेला मागा, ती चांदी घड्यांवर तडकते. १० मिमी जाडीला हिशेबाने आर दीडच्या आसपास निघतो, ६ मिमीला ०.९. वजन म्हणाल तर १२० बाय ५० सेंटिमीटरचा १० मिमी तुकडा १८० ग्रॅमच्या आगेमागे. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत आरामात पुरतो, पायाखाली रिकामी सॅक घाला.

वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगचं सामान विकणाऱ्यांकडे चौकशी करा. काही जण पूर्ण रोलच देतात, तुकडा हवा असेल तर आधी फोन करून जा. टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा ईपीई घेऊ नका, थोड्या दिवसांत चेपून चपाती होतो.

काठीनघोंगडं
घोंगडी घ्या. आमच्या आज्यानं जन्म काढला घोंगडीवर.

घोडबंदरवाली
@काठीनघोंगडं आजोबांना नमस्कार, पण तिचं वजन माझ्या अख्ख्या तंबूपेक्षा जास्त आहे. तुम्ही उचलणार असाल तर चला.

@पत्र्याचीशेड दादा, फार उपयोगी माहिती दिलीत. म्हणजे १० मिमी धरूनही माझी बेरीज अडीच. कमीच पडतंय. आणि वर की खाली ते राहिलंच.

रानवाट
कागदावर दोन्ही सारखंच. मी वर घालतो. फोम अंगाला लगेच गरम लागतो, बॅग घसरत नाही, आणि मॅट पंक्चर झालीच तर फोम अंगाखालीच असतो. खडीवर किंवा काट्यांवर तंबू असेल तर मात्र खाली, मॅट वाचवायला.

बेरीज कमी पडते तर १० मिमीचे दोन तुकडे घ्या. दुसरा नुसता खांदा ते कंबर, ४५ सेंटिमीटर. मग धडाखाली बेरीज चारपर्यंत जाते. घडी करून सॅकच्या आत पाठीच्या बाजूला उभे लावा, बाहेर काही लटकणार नाही.

आणखी एक. संध्याकाळी फुगवलेली मॅट रात्री हवा गार झाली की आपोआप मऊ पडते. पंक्चर समजून घाबरू नका, झोपण्याआधी पुन्हा थोडी भरा. मऊ मॅटवर कंबर जमिनीला टेकते आणि तिथूनच गारठा चढतो. तोंडाने फुगवू नका, श्वासातली वाफ आत साठते. पिशवीचा पंप वापरा.

घोडबंदरवाली
फोम मिळाला, १० मिमी, करडा. ठाण्यात थंडीची चाचणी घ्यायची कुठे? म्हणून मच्छीबाजारातून बर्फ आणला, फोडून बाल्कनीत दोन ट्रेमध्ये पसरला, वर प्लायवूडची फळी, त्यावर मॅट. नुसत्या मॅटवर चहा संपायच्या आत कमरेला गार लागलं. फोम वर घातल्यावर अर्धा तास आडवी होते, काही नाही. खाली घातला तेव्हा सुरुवातीला गार लागलं, मग ठीक. सासूबाई दोनदा येऊन बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत.

एकच शंका उरली. मी कुशीवर झोपते. ४५ सेंटिमीटरचा दुसरा तुकडा खांद्यापासून लावला तर नितंबाच्या आधीच संपतो, आणि दाब सगळा तिथेच. खांदा सोडून थोडा खाली सरकवू का?

रानवाट
सरकवू नका, ६५ चा कापा. ३० ग्रॅमच वाढतील.